तुमचे प्रश्न : रोमन लोक देवाला नेमकं काय विचारायचे?

मागच्या अंकात रोमच्या निवडणुकांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की मतदानाच्या दिवशी तिथला कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, पहाटेच्या अंधारात उठून आकाशाकडे बघत बसायचा. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे वाटलेले प्रश्न एकत्र केलेत आणि काही उत्तरं लांबलीत, पण विषयच असा आहे की थोडक्यात सांगितलं तर चुकीचं चित्र उभं राहतं.

प्रश्न : एका रोमन सेनापतीने पवित्र कोंबड्या समुद्रात फेकल्या आणि म्हणून तो लढाई हरला असं वाचलं. हे खरं आहे का? आणि युद्धनौकेवर कोंबड्या कशाला?

उत्तर : लढाई हरला हे शंभर टक्के खरं. इ.स.पू. २४९, सिसिलीच्या पश्चिम टोकाचं ड्रेपाना बंदर, आजचं त्रापानी. कॉन्सल पुब्लियस क्लॉडियस पुल्कर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या आरमारावर अचानक हल्ला करायला निघाला होता. लढाईआधी नियमाप्रमाणे कोंबड्यांचा कौल घ्यायचा असतो, तो घेतला. खुराडं उघडलं, खाणं टाकलं, पण कोंबड्या चोच लावेनात. तर हा म्हणाला, खात नाहीत ना, मग पिऊ देत, आणि सरळ पाण्यात फेकायला लावल्या. त्या दिवशी रोमची ९३ जहाजं शत्रूच्या हाती लागली आणि हा साधारण ३० जहाजं घेऊन कसाबसा निसटला.

आता गंमत बघा, या लढाईचं सगळ्यात तपशीलवार वर्णन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने केलंय आणि त्यात कोंबड्यांचा उल्लेखच नाही. त्याच्या मते कार्थेजचा सेनापती अधेर्बाल वेळेत बंदराबाहेर पडून मोकळ्या समुद्रात गेला, तर रोमन जहाजं आत शिरता शिरता मागे वळताना एकमेकांवरच आदळली आणि किनाऱ्याला चेपली गेली. कोंबड्यांची गोष्ट रोमन राजकारणी आणि लेखक सिसेरो आणि त्याच्यानंतरच्या लेखकांकडे सापडते, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. मला स्वतःला ती थोडी नंतर रंगवलेली वाटते. पण ती का रंगवली गेली हे जास्त महत्त्वाचं, कारण रोमन माणसाला हरण्याचं दुःख झालंच, पण आपल्या माणसाने देवाचं "नाही" ऐकूनही पाऊल उचललं ही गोष्ट त्याहून जास्त लागायची.

पुढचं तर अजून बघण्यासारखं आहे. क्लॉडियसवर देशद्रोहाचा खटला भरला, नागरिकांची सभा मत द्यायला जमली, आणि तेवढ्यात जोराचा पाऊस आला. वादळ-पाऊस म्हणजे सभा मोडायची, हा सुद्धा शकुनाचाच नियम! म्हणजे शकुन धुडकावणारा माणूस शकुनामुळेच वाचला. नंतर पुन्हा खटला चालवून त्याला दंड केला तो वेगळा. तो गेल्यावर, इ.स.पू. २४६ मध्ये, त्याची बहीण क्लॉडिया गर्दीत अडकली आणि वैतागून म्हणाली की माझा भाऊ जिवंत असता आणि अजून एक आरमार बुडवून ही गर्दी कमी केली असती तर बरं झालं असतं. एवढ्या बोलण्यावर तिला २५,००० आसचा दंड बसला, आस म्हणजे तेव्हाचं तांब्याचं नाणं.

आता नौकेवर कोंबड्या का. मोहिमेवर असलेल्या सेनापतीला रानातला गरुड कधी येईल याची वाट बघत बसणं शक्य नसतं, म्हणून पक्षी सोबतच न्यायचे. त्यांना सांभाळणारा माणूस वेगळा असायचा, त्याला पुलारियस म्हणत. कोंबड्या अधाशासारख्या खायला लागल्या आणि खाता खाता चोचीतून दाणा खाली पडला तर तो उत्तम शकुन. खुराड्यातून बाहेरच आल्या नाहीत, किंवा पंख फडफडवून पळाल्या, तर आज लढू नका. सिसेरोने यावर रोखठोक आक्षेप घेतलाय की कोंबड्यांना आधी उपाशी ठेवायचं आणि मग खाणं टाकायचं, तर त्या तुटून पडणार नाहीत तर काय करतील, हा देवाचा कौल कसा? अगदी रास्त आक्षेप आहे.

पण म्हणून ते सगळं नाटक होतं असं समजू नका. इ.स.पू. २९३ मधली अक्विलोनियाची गोष्ट रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलीय ती ऐका. इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांशी लढाई, सैन्य पेटून उठलेलं, सगळ्यांना कधी एकदा लढतोय असं झालेलं. कोंबड्या खात नव्हत्या, तरी पुलारियसने कॉन्सल पापिरियस कर्सरला खोटंच सांगितलं की शकुन झकास आहे. मग या रखवालदारांचं आपापसात वाजलं, ते कॉन्सलच्या पुतण्याच्या कानावर गेलं आणि त्याने येऊन काकाला सांगितलं. आपल्याला वाटेल कॉन्सल लढाई थांबवेल, तर नाही. तो म्हणाला, मला जे अधिकृतपणे कळवलं गेलं तो माझा शकुन, तो चांगला आहे, आणि खोटं बोलणाऱ्याचं पाप त्याच्या डोक्यावर. आणि त्याने रखवालदारांना पहिल्या फळीत उभं केलं. लढाई सुरू व्हायच्या आधीच कुठून तरी एक भाला आला आणि तो पुलारियस पडला. कॉन्सल म्हणाला, देव रणांगणात हजर आहेत, अपराध्याला शिक्षा मिळाली. तेवढ्यात समोर एक कावळा मोठ्याने ओरडला, तोही शुभ धरला गेला, आणि रोमन जिंकले.

या गोष्टीत अख्खा रोमन धर्म आहे असं मला वाटतं. खरं काय घडलं इतकंच, किंबहुना त्याहून जास्त, वजन नियमाप्रमाणे काय कळवलं गेलं याला होतं.

प्रश्न : ऑगर म्हणजे रोमचे ज्योतिषी का? ते भविष्य कसं सांगायचे?

उत्तर : भविष्य सांगायचेच नाहीत! हा गैरसमज इतका पसरलाय की हा प्रश्न तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोमचा मुख्य देव ज्युपिटर याला जो प्रश्न विचारला जायचा तो "पुढे काय होणार" असा नव्हताच. प्रश्न असायचा, "आज हे काम करू का?" उत्तर फक्त हो किंवा नाही. आणि ते उत्तर त्या एका दिवसापुरतं. देव आज नाही म्हणाला तर उद्या परत विचारता यायचं. शकुन वाईट निघाला की ऑगर दोन शब्द उच्चारायचा, "आलिओ दिए", म्हणजे दुसऱ्या दिवशी. काम कायमचं रद्द झालं असं त्यात काही नसायचं, परवानगी आज मिळाली नाही इतकंच.

दुसरी गोष्ट, देवाला विचारण्याचा अधिकार ऑगरचा नव्हता, तो कॉन्सल, प्रेटर अशा निवडून आलेल्या अधिकाऱ्याचा. या विचारण्याला ऑस्पिसिया म्हणायचे, लॅटिनमध्ये आविस म्हणजे पक्षी आणि स्पेकेरे म्हणजे बघणं, त्यावरून आलेला शब्द. ऑगर हा या शास्त्राचा तज्ज्ञ. नियम काय, कुठे चूक झाली, झाली असेल तर पुढे काय, हे तो सांगणार. आजच्या भाषेत कायदेशीर सल्लागार म्हणा हवं तर. अधिकारी मध्यरात्रीनंतर उठायचा, मोकळ्यावर बसायचा, आणि पूर्ण शांतता आहे का हे विचारायचा. कुठे खुट्ट झालं, उंदीर चुकचुकला, तरी शकुन बिघडला. मग आकाशाचा एक तुकडा शब्दांनी आखून घ्यायचे, त्याला टेम्प्लुम म्हणत, आणि त्या चौकटीत काय दिसतं ते बघायचं. टेंपल हा इंग्रजी शब्द इथूनच आला.

ऑगरच्या हातात लिटुअस नावाची वरून वळलेली काठी असायची, तिला एकही गाठ नको असा नियम. राजा नुमाच्या वेळचं वर्णन लिव्ही देतो ते मला फार आवडतं. नुमा दगडावर दक्षिणेकडे तोंड करून बसलाय, ऑगर डोकं झाकून त्याच्या डाव्या बाजूला बसलाय, काठीने दिशा ठरवतोय, मग काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात नुमाच्या डोक्यावर ठेवतो आणि ज्युपिटरला म्हणतो की हा माणूस राजा व्हावा अशी तुझी इच्छा असेल तर मी आखलेल्या हद्दीत मला स्पष्ट खुणा दाखव. कुठल्या खुणा हव्यात ते सुद्धा तो आधीच मोजून सांगतो! इनॉग्युरेशन हा शब्द या विधीवरून आलाय.

ऑगर किती असायचे? इ.स.पू. ३०० मध्ये ओगुल्नियस कायद्याने सामान्य प्लेबियन लोकांना या मंडळात जागा मिळाल्या आणि संख्या ९ झाली, हुकूमशहा सुल्लाने ती १५ केली, ज्युलियस सीझरने १६. पद आयुष्यभराचं. कितीही मोठा गुन्हा केला तरी ऑगरपण काढून घेता यायचं नाही.

आणि हे लोक नुसते सल्ले देऊन थांबायचे असंही नाही. सेंटुमालस नावाच्या एकाचं केलियन टेकडीवर उंच घर होतं, ते ऑगरांच्या आकाश बघण्याच्या आड यायला लागलं म्हणून त्यांनी वरचा भाग पाडायचा हुकूम दिला. या पठ्ठ्याने हुकुमाचं काही न बोलता घर विकून टाकलं. विकत घेणाऱ्याला नंतर पाडकाम करावं लागलं आणि त्याने दावा ठोकला. निकाल असा लागला की माहीत असलेला दोष लपवून विकणाऱ्याने नुकसान भरून द्यायचं. रोमन कायद्यातला हा गाजलेला खटला, आणि मुळात तो पक्ष्यांपासून सुरू झालाय.

प्रश्न : रोमन लोकांत डावी बाजू शुभ होती हे खरं का?

उत्तर : हो, ऑगरांच्या शास्त्रात साधारणपणे डावीकडची खूण चांगली, ग्रीकांचं उलट. पण सरसकट नाही, डोमकावळा उजवीकडून ओरडला तर बरा आणि साधा कावळा डावीकडून. आणि डावीकडची वीज बाकी सगळ्याला उत्तम पण नागरिकांची मतदानाची सभा घ्यायला मात्र नको, ज्युपिटर गरजत असताना सभा घेणं निषिद्ध होतं.

प्रश्न : मग हे राजकारण्यांच्या हातातलं आयतं हत्यारच झालं ना? नको असलेला ठराव आला की वीज दिसली म्हणायचं!

उत्तर : झालं होतं, विशेषतः प्रजासत्ताकाच्या शेवटच्या शंभर वर्षांत. अपशकुन दिसल्याचं जाहीर करून सभा थांबवण्याला ओब्नुन्तियातिओ म्हणायचे, त्याचे नियम इ.स.पू. १५० च्या सुमाराला कायद्याने बांधून दिले होते.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इ.स.पू. ५९ चं. त्या वर्षी दोन कॉन्सल, सीझर आणि बिब्युलस, आणि दोघांचं अजिबात पटत नव्हतं. सीझरचा जमीनवाटपाचा कायदा अडवायला बिब्युलस फोरममध्ये गेला तर लोकांनी त्याच्या अंगावर शेण ओतलं, त्याच्या सेवकांच्या हातातल्या, अधिकाराची खूण असलेल्या काठ्यांच्या मोळ्या मोडल्या. त्यानंतर तो घरात जो बसला तो वर्षभर बाहेर आला नाही, फक्त सीझरने सभा बोलावली की घरून नोटीस पाठवायचा, मी आकाश बघतोय. बस, एवढंच. बघतोय म्हटलं की काहीतरी दिसणार असं धरून चालायचे, म्हणून सभा व्हायला नको. सीझरने सभा घेतल्याच, कायदे पास केले, आणि ते वैध की अवैध हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. हा सीझर तेव्हा स्वतः रोमचा मुख्य पुरोहित होता हे विसरू नका. शहरात लोक म्हणायचे की या वर्षाचे कॉन्सल ज्युलियस आणि सीझर.

इ.स.पू. ४४ मध्ये मार्क अँटनीने तर कमाल केली. त्याला डोलाबेला कॉन्सल व्हायला नको होता. अँटनी स्वतः ऑगर. त्याने आधीच, १ जानेवारीला, सांगून टाकलं की मी निवडणूक शकुनाने अडवणार. मतदान सुरू झालं, जवळजवळ संपत आलं, निकाल दिसायला लागला, आणि मग हा म्हणाला, "आलिओ दिए". सिसेरोने यावर एका लेखी भाषणात त्याला फाडलाय. त्याचा मुद्दा असा की ऑगर म्हणून तुला समोर आलेली खूण फक्त कळवायचा अधिकार आहे, आकाश मुद्दाम बघायचा अधिकार कॉन्सल म्हणून आहे पण तो सभा सुरू व्हायच्या आधी वापरायचा असतो, मग पुढच्या महिन्यांत कुठला अपशकुन दिसणार हे तुला आधीच कसं काय माहीत होतं?

पण एवढंच सांगून थांबलो तर अर्धं चित्र होईल. टायबेरियस सेंप्रोनियस ग्राकस, म्हणजे ते दोन प्रसिद्ध सुधारक ग्राकस भाऊ त्यांचा बाप, याने इ.स.पू. १६३ चा कॉन्सल म्हणून पुढच्या वर्षीची निवडणूक घेतली. मोजणीचा निकाल सांगणारा अधिकारी तिथेच अचानक मरून पडला. रोमच्या उत्तरेकडच्या एट्रुरियातून आलेले शकुनाचे तज्ज्ञ म्हणाले, निवडणूक घेणाऱ्याकडून चूक झालीय. ग्राकस भडकला, तुम्ही परके लोक मला रोमचे नियम शिकवणार? आणि त्यांना हाकलून दिलं. नवे कॉन्सल निघून गेले, हा पण आपल्या प्रांतात सार्डिनियाला गेला. आणि तिथे बसून जुने ग्रंथ वाचताना त्याच्या लक्षात आलं की शकुनासाठी तंबू ठोकल्यावर आपण मध्येच सेनेटच्या बैठकीसाठी शहराची पवित्र हद्द ओलांडून आत गेलो होतो, आणि परत येताना हद्द पुन्हा ओलांडली तेव्हा नव्याने कौल घ्यायचा तो विसरलो. कुणालाही कळलं नसतं. तरी या माणसाने स्वतःहून ऑगर मंडळाला पत्र लिहून चूक कबूल केली. सेनेटने दोन्ही कॉन्सलना परत बोलावलं, एक कॉर्सिकात होता एक गॉलमध्ये, दोघांनी निमूटपणे राजीनामे दिले आणि निवडणूक परत झाली.

यात ग्राकसचा काय फायदा? काही नाही, उलट नामुष्की. अँटनीकडे बघून जो निष्कर्ष काढाल तो ग्राकसपाशी आला की अडतो. लोक मनापासून मानत होते म्हणूनच तर त्या मानण्याचा गैरवापर करता येत होता, कुणीच मानत नसतं तर बिब्युलसच्या नोटिशीला विचारलं कुणी असतं?

प्रश्न : रोमन इतिहासात दगडांचा पाऊस, बोलणारी गाय असलं काय काय लिहिलंय. एवढे शिकलेले लोक हे लिहून का ठेवत होते?

उत्तर : कारण ते सरकारी रेकॉर्ड होतं. या घटनांना प्रोडिजिया म्हणत, म्हणजे देवांशी असलेला सलोखा कुठेतरी बिघडलाय याची सूचना. ऑस्पिसियात माणूस विचारतो, इथे देव न विचारता सांगतो.

आणि याची प्रोसिजर बघितली की थक्क व्हायला होतं. कुठल्या गावात काही विचित्र घडलं तर ते रोमला कळवायचं, साक्षीदार आणायचे. कॉन्सल वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या घटना सेनेटपुढे ठेवणार. सेनेट ठरवणार की कुठली दखल घ्यायची. मग ती पुरोहितांकडे, किंवा सिबिल या भविष्यवादिनीच्या ग्रंथांच्या रखवालदारांकडे, किंवा एट्रुस्कन म्हणजे एट्रुरियातल्या तज्ज्ञांकडे पाठवायची, त्यांनी उपाय सुचवायचा, सेनेटने मंजूर करायचा. दगडांचा पाऊस असेल तर नऊ दिवसांचा विधी, हे ठरलेलंच. इ.स.पू. १६९ मध्ये सेनेटने दोन घटना नाकारल्या, एका माणसाच्या घराच्या अंगणात ताडाचं झाड उगवलं होतं ती खाजगी जागा म्हणून, आणि फ्रेगेले गावात एक भाला दिवसाउजेडी दोन तास जळत राहिला तरी खाक झाला नाही ती रोमच्या हद्दीबाहेरची जागा म्हणून. म्हणजे चमत्कार खरा की खोटा हा प्रश्नच नाही, आमच्या कक्षेत येतो का एवढंच! त्याच वर्षी अनाग्नियात गाय बोलल्याचं मात्र मान्य झालं आणि त्या गायीला सरकारी खर्चाने पोसायचं ठरलं.

संकटाच्या वर्षी या याद्या लांबतात हे तुमच्या लक्षात आलं असेल. कार्थेजचा सेनापती हानिबल इटलीत उतरला त्या इ.स.पू. २१८ च्या हिवाळ्यात सहा महिन्यांचं बाळ भाजीबाजारात "विजय" असं ओरडलं, एक बैल गुरांच्या बाजारातल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर चढला आणि खाली उडी मारली, पिकेनममध्ये दगड पडले. लिव्ही स्वतः तिथे लिहितो की लोकांची मनं एकदा या बाजूला वळली की खूप गोष्टी कळवल्या जातात आणि सहज खऱ्या मानल्या जातात. काही गोष्टींना साधं कारणही आहे, सहारा वाळवंटातली लाल धूळ वाऱ्याने इटलीपर्यंत येते आणि पावसाला रक्तासारखा रंग येतो, हे आजही घडतं.

पण या भीतीची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत रोमचं सैन्य कापलं गेलं, त्यानंतर सिबिलच्या ग्रंथांचा आधार घेऊन एक गॉल स्त्री-पुरुष आणि एक ग्रीक स्त्री-पुरुष अशा चौघांना गुरांच्या बाजारात जिवंत पुरलं. लिव्हीला सुद्धा हे लिहिताना लाज वाटलेली दिसते, हा विधी अजिबात रोमन नव्हे म्हणतो तो. पण केला रोमनांनीच. नरबळीवर सेनेटने बंदी घातली ती थेट इ.स.पू. ९७ मध्ये.

प्रश्न : ज्युलियस सीझरला ज्याने १५ मार्चचा इशारा दिला तो ऑगर होता का?

उत्तर : नाही, तो स्पुरिन्ना, हारुस्पेक्स होता. हे वेगळं खातं. हारुस्पेक्स बळी दिलेल्या जनावराचं यकृत आणि आतले अवयव तपासायचे, विजेचा आणि प्रोडिजियांचा अर्थ लावायचे, आणि ही विद्या मूळची रोमच्या उत्तरेकडच्या एट्रुस्कन लोकांची. त्यांची कथा अशी की तार्क्विनियाजवळ शेत नांगरताना तासातून ताजेस नावाचा एक पोर वर आला, चेहरा मुलाचा आणि शहाणपण म्हाताऱ्याचं, आणि त्याने ही सगळी विद्या सांगितली. इटलीत पियाचेंझाजवळ १८७७ मध्ये एका शेतात मेंढीच्या यकृताचं ब्राँझचं मॉडेल सापडलं, तळहातावर मावेल एवढं, त्यावर ४० कप्पे आखून प्रत्येकात देवांची नावं कोरलीत. बहुतेक शिकवायला वापरत असावेत. ते बघितलं की कळतं, यकृत म्हणजे त्यांच्यासाठी आकाशाचा नकाशाच होता.

सीझरच्या बाबतीत सिसेरो सांगतो की तो सोन्याच्या खुर्चीवर जांभळा झगा घालून पहिल्यांदा बसला त्या सुमारास बळी दिलेल्या बैलात हृदयच सापडलं नाही. आणि लगेच दुसऱ्या बाजूने स्वतःच विचारतो की हृदयाशिवाय तो बैल तोपर्यंत जगला कसा? १५ मार्चला सीझर स्पुरिन्नाला म्हणाला, तारीख तर आली. तो म्हणाला, आली, पण गेली नाही अजून.

प्रश्न : साध्या माणसाच्या रोजच्या जगण्यात शकुन होते की सगळं सरकारीच?

उत्तर : भरपूर होते, आणि इथे मला सगळ्यात जास्त जिव्हाळा वाटतो. ओमेन म्हणजे मुळात कानावर अचानक पडलेला अर्थपूर्ण शब्द. इ.स.पू. १६८ मध्ये एमिलियस पाउलसला मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याच्याविरुद्धच्या युद्धाची जबाबदारी मिळाली. संध्याकाळी घरी आला तर छोटी मुलगी तेर्तिया रडवेली. काय झालं ग विचारलं तर म्हणाली, बाबा, पर्सा मेला. पर्सा हे तिचं कुत्र्याचं पिल्लू. बापाने तिला घट्ट जवळ घेतलं आणि म्हणाला, मी हा शकुन स्वीकारतो. हा "स्वीकारतो" शब्द महत्त्वाचा, कारण शकुन तुम्ही घेतला तर तुमचा, दुर्लक्ष केलं तर सुटला. पिडनाला पाउलसने पर्सियसला हरवलं.

उलट उदाहरण सेनापती क्रॅससचं. तो पार्थियावर, म्हणजे आजच्या इराणकडच्या साम्राज्यावर, चालून जायला ब्रुंडिसियम बंदरातून निघत होता तेव्हा एक विक्रेता कौनस गावची अंजिरं विकत "कौनेआस, कौनेआस" ओरडत होता. लॅटिनमध्ये ते भरभर ऐकलं तर "जाऊ नकोस, सांभाळ" असं ऐकू येतं. क्रॅसस गेला, आणि इ.स.पू. ५३ मध्ये कॅरीला सैन्यासकट संपला. सिसेरो म्हणतो, असं धरायचं ठरवलं तर ठेच लागणं, बुटाची वादी तुटणं आणि शिंक, सगळंच धरत बसावं लागेल.

आणि मार्सेलस, पाच वेळा कॉन्सल झालेला, स्वतः ऑगर, त्याने तर सरळ सांगितलं होतं की मला काही ठरवून करायचं असेल तेव्हा मी बंद पालखीतून जातो, म्हणजे नको ती खूण दिसायलाच नको. न दिसलेली खूण लागू होत नाही. नियमात बसतं!

प्रश्न : सिसेरो स्वतः या सगळ्याची टर उडवतो, तरी तो ऑगर होता? हा दुटप्पीपणा नाही का?

उत्तर : इ.स.पू. ५३ मध्ये तो ऑगर झाला आणि त्याचा त्याला मनापासून अभिमान होता. ४४ मध्ये त्याने शकुनशास्त्रावर दोन भागांत संवाद लिहिला, पहिल्या भागात त्याचा भाऊ क्विंटस बाजू मांडतो, दुसऱ्यात सिसेरो स्वतः ती खोडतो, आणि फार कसून खोडतो. जुन्या कॅटोचं म्हणणं तो तिथे देतो की एक हारुस्पेक्स दुसऱ्याला भेटल्यावर हसू कसं आवरतो याचंच मला नवल वाटतं. यादवी युद्धात हारुस्पेक्सनी सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे याला काय काय चांगलं होणार म्हणून कळवलं होतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच झालं नाही, हे सिसेरोने स्वतः बघितलं होतं.

पण त्याच पुस्तकात तो म्हणतो की लोकांच्या श्रद्धेसाठी आणि राज्याच्या भल्यासाठी ऑगरांचे नियम आणि अधिकार राखलेच पाहिजेत, आणि शकुन मोडून निघालेल्या क्लॉडियसला शिक्षा योग्यच होती. मला हा दुटप्पीपणा वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर प्रजासत्ताक कोसळत होतं, एकेक सेनापती सगळे नियम पायदळी तुडवत होता, आणि ज्या थोड्या गोष्टी अजून ताकदवान माणसाला "थांब" म्हणू शकत होत्या त्यातली ही एक होती. पक्ष्यांना काही कळतं यावर त्याचा विश्वास नव्हता, थांबण्यावर होता.

प्रश्न : हे सगळं संपलं कधी?

उत्तर : एका दिवसात नाही. सम्राट आले तसं "देवाला विचारायचा अधिकार" एका माणसाकडे गोळा झाला. इ.स.पू. २७ मध्ये पहिला सम्राट ऑक्टेव्हियन याने ऑगस्टस हे नाव घेतलं, आणि त्यात रोमन कानाला ऑगर ऐकू यायचं. कथेप्रमाणे रोम वसवणाऱ्या रोम्युलसला पॅलाटाइन टेकडीवर १२ गिधाडं दिसली होती, त्याचा भाऊ रेमसला अॅव्हेंटाइनवर ६, आणि ऑगस्टसने पहिल्यांदा कॉन्सल म्हणून शकुन बघितला तेव्हा त्यालाही १२ दिसली असं पसरवलं गेलं. दुसरीकडे त्याने २००० हून जास्त भविष्याच्या पोथ्या गोळा करून जाळल्या, आणि इ.स. ११ मध्ये कुणाच्या मृत्यूबद्दल ज्योतिष विचारायला बंदी केली, कारण सम्राट कधी मरणार हे विचारणं म्हणजे कटाची पहिली पायरी. पुढे ख्रिश्चन सम्राट आले, इ.स. ३५७ मध्ये कॉन्स्टँटियसने भविष्य जाणून घ्यायची उत्सुकता कायमची बंद करा असा कायदा केला, मोडला तर मृत्युदंड.

तरी इ.स. ४०८ मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला, लोक उपासमारीने मरायला लागले, तेव्हा इतिहासकार झोसिमस लिहितो की एट्रुरियातून काही लोक आले आणि म्हणाले, जुने विधी करून विजा पाडून आम्ही नार्नी गाव वाचवलंय, रोमही वाचवू. बिशप इनोसंटने सुद्धा गुपचूप करत असाल तर करा म्हटलं. पण ते लोक म्हणाले, गुपचूप करून उपयोग नाही, हा विधी सगळ्यांच्या देखत व्हायला हवा, सेनेटने कॅपिटॉल टेकडीवर चढून यायला हवं. एकाही सेनेटरची हिंमत झाली नाही. त्या लोकांना परत पाठवलं आणि शहराने खंडणी भरली, ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी झगे, ३,००० लाल रंगवलेली कातडी आणि ३,००० पौंड मिरी.